साहेबांच्या फाटकाशी आमदाराचे बैल

माझ्या भावाचा हात ज्यानं काठीनं मोडला, तो तेव्हा आमदार नव्हता. निवडणुकीला उभा होता. हात मोडला मतदानाच्या दिवशी आणि मतं मोजल्यावर तो आमदार झाला. त्यामुळे खटला आमदारावर झाला आणि लोक म्हणू लागले की टांगेवाल्यानं मोठा माणूस पाहूनच हात पुढे केला.

आमचा मुलूख मुंबई राज्यात घातला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माझा थोरला भाऊ वर्धा ते आंजी टांगा हाकायचा. त्या दिवशी आंजीच्या वाटेवर काही बाया मत टाकायला पायी निघाल्या होत्या. ऊन होतं. भावानं त्यांना टांग्यात बसवलं. बाया ज्या वस्तीतल्या होत्या, ती वस्ती या उमेदवाराला मतं देणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं वाटेत टांगा अडवला. बायांना उतरव म्हणाला. भाऊ म्हणाला, नाही उतरवत. पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. भावानं सांगितलं ते असं: काठी हातावर बसली, घोडा बिचकला, टांगा नालीत गेला आणि सगळे खाली पडले.

दवाखान्यात हाड बसवलं, पण ते वाकडं बसलं. उजव्या हातात लगाम धरवेना. त्याहून वाईट म्हणजे आमदाराच्या माणसांनी गावात सांगितलं, टांगेवाला पिऊन होता, त्यानंच टांगा नालीत घातला. भाऊ पीत नव्हता. पण टांग्यात बसणारा माणूस घोडा पाहत नाही, हाकणाऱ्याला पाहतो. एकदा पिणारा म्हणून नाव झालं की बाई लेकरू घेऊन टांग्यात चढत नाही. म्हणून भावाला फार काही नको होतं. आमदाराला जेल झाली नाही तरी चालेल, पण 'यानं मारलं' एवढं कोर्टानं म्हणावं, असं त्याचं म्हणणं होतं.

खटला ज्या मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे लागला, त्यांच्याच घरी मी भाकरी करत होते. माझा नवरा त्यांचा चपराशी. बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहत होतो. साहेब कोकणातले, राज्य बदललं तेव्हा इकडे आलेले. त्यांच्या बाईसाहेबांना भात, आमटी, मासे सगळं येत होतं, ज्वारीची भाकरी येत नव्हती. साहेबांना वर्ध्यात आल्यावर भाकरी आवडायला लागली. म्हणून मी.

साहेब कसे होते ते एका गोष्टीत सांगते. एकदा कोणीतरी संत्र्यांची टोपली फाटकाशी ठेवून गेलं. कोणाची ते कळेना, म्हणून परत करता येईना. साहेबांनी ती नवऱ्याला उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवायला सांगितली. ती टोपली शेळ्यांनी खाल्ली. आमच्या लेकरांनी खिडकीतून पाहिलं. साहेब कोणाच्या लग्नाला जात नव्हते, कोणाच्या घरचं पाणी पीत नव्हते. गावातले लोक म्हणत, याच्यापेक्षा लाच खाणारा बरा, निदान घरी तरी येतो.

भाऊ एक दिवस मागच्या दारानं आला.

"तू रोज त्याले वाढते," तो म्हणाला. "एक दिवस सांग ना, माह्या भावाचा हात मोडला म्हणून."

"मी नाई सांगत."

"काऊन?"

"बाईसाहेब मीठ कमी खा म्हणते, तं तो तिचंबी आयकत नाई. माह्यं का आयकन?"

"मंग तू त्या घरात करते का?"

"भाकरी."

तो गेला. पण हे लपवून ठेवण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी साहेब जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं की टांगेवाला माझा सख्खा भाऊ आहे. साहेबांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. यापुढे त्या खटल्याबद्दल या घरात एक शब्द बोलायचा नाही." मग जेवण पूर्ण केलं. पुढच्या तारखेला त्यांनी कोर्टात दोन्ही बाजूंना सांगितलं, फिर्यादीची बहीण माझ्याकडे स्वयंपाक करते, कोणाची हरकत असेल तर आताच बोला. आमदाराचा वकील हसला आणि म्हणाला, भाकरीला आमची हरकत नाही.

असं पोळ्यापर्यंत चाललं.

आमच्याकडे पोळ्याला वेशीतलं तोरण तुटलं की बैल घरोघर फिरवतात. बैल दारात आला की घरच्या बाईनं त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी चारायची आणि बैल घेऊन आलेल्या गड्याला बोजारा द्यायचा, म्हणजे हातावर काही पैसे. बैल कोणाचा ते कोणी विचारत नाही. वैऱ्याचा बैल असला तरी दारातून उपाशी पाठवत नाहीत. वर्षभर त्यानं ओढलं, एक दिवस आपण वाकायचं, एवढाच हिशोब.

त्या दिवशी आमदाराचा सालदार, म्हणजे वर्षावर ठेवलेला गडी, त्याच्या बैलांची जोडी घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आला. आमदाराचं शेत गावाला लागूनच होतं आणि बैल त्या रस्त्यानं दरवर्षी फिरत. सालदारानं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. बाईसाहेबांनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कोकणात पोळा नाही.

"अगं बाई, किती छान सजवलेत! मी लावू का गं कुंकू?"

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी कुंकू लावलं. मी पाय धुतले आणि पोळी चारली. डावीकडचा बैल म्हातारा होता, पोळी हळू खात होता. बैल कोणाचे ते मला माहीत होतं. बाईसाहेबांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? साहेब मागच्या खोलीत वाचत बसले होते. सालदारानं बोजारा घेतला आणि पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोरं लाकडी बैल घेऊन निघतात तो. पोरांच्या आधी बातमी निघाली. चहाच्या दुकानात आमदाराची माणसं सांगत होती, "सायबानं आमचे बैलं पुजले. बाईनं सोता कुंकू लावलं. आता का फिकीर हाये?" हे ऐकून दुसऱ्या पक्षाचा सेक्रेटरी भावाकडे आला. भावाच्या बाजूला जो वकील उभा राहत होता, तो या पक्षानंच दिलेला होता. आणि सेक्रेटरीकडून भाऊ माझ्याकडे आला. तेव्हा मी भांडी घासत होते.

"काऊन पुजले वं त्याचे बैलं?"

"पोळा होता."

"अवं पण त्याचे?"

"बैलानं मारलं का तुले?"

"तू माही बहीण हायेस का त्याची?"

"तुही. म्हणून तं म्हणतो, बैलावर राग काढू नको. मारलं माणसानं."

तो दगडावर बसला. मग सांगितलं. सेक्रेटरीचं म्हणणं असं होतं की साहेब फुटला. आता अर्ज करायचा, की या साहेबावर आमचा भरवसा नाही, खटला चांद्याच्या कोर्टात पाठवा. अर्जावर फिर्यादी म्हणून भावाचा अंगठा पाहिजे. सेक्रेटरीनं येत्या बाजाराच्या दिवशी सभासुद्धा ठरवून ठेवली होती. विषय, न्याय विकला गेला.

"चांद्याले तुह्या साक्षीच्या बाया येतीन का?" मी विचारलं.

"कशा येतीन? रोजी बुडते त्यायची. आंजीहून वर्ध्याले येतात तेच नशीब."

"हे सेक्रेटरीले सांगितलं का?"

"सांगितलं. तो म्हणते, खटला कुठंबी जावो, विषय वर्ध्यात राह्यला पाह्यजे."

"अन् अंगठा नाई देल्ला तं?"

"वकील काढून घेतो म्हणते."

भाऊ माझ्याकडून काही ऐकायला थांबला होता. मी भांडी पालथी घातली. साहेब सरळ आहे एवढं मला माहीत होतं. पण सरळ माणूस आपल्याच बाजूनं बोलेल असं कुठं असतं? मी त्याला म्हटलं, अंगठा तुझा आहे.

साहेबांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला आणि बाईसाहेबांना समोर उभं केलं.

"बैल कोणाचे होते?"

"आमदाराचे," मी म्हटलं.

बाईसाहेबांनी तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग का पुजलेत?"

"पोळा होता, साहेब."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी खोटं बोलते का ते पाहत असावेत. शेवटी म्हणाले, "खटला संपेपर्यंत तुम्ही स्वयंपाकाला येऊ नका. खोलीत राहा, नवऱ्याची नोकरी आहे तशी राहील." बाईसाहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून त्या घरात भात शिजू लागला आणि पुढं बाईसाहेब माझ्याशी तुळशीजवळ उभं राहून फक्त हवेबद्दल बोलत.

पुढच्या तारखेला मी कोर्टात गेले. काम नव्हतंच. कोर्ट भरलेलं होतं, आमदाराचे लोक उजवीकडे आणि सेक्रेटरीचे डावीकडे उभे, वरातीत उभे राहतात तसे. आमदार आरोपीच्या जागी उभा होता. त्याचा वकील म्हणाला, आमचे अशील लोकप्रतिनिधी आहेत, त्यांना खुर्ची मिळावी.

"तब्येत बरी नाही का?" साहेबांनी विचारलं.

"तब्येत उत्तम आहे."

"मग उभे राहतील."

डावीकडचे लोक खूश झाले. त्यानंतर साहेबांनी स्वतःच सांगितलं की पोळ्याच्या दिवशी आरोपीचे बैल माझ्या फाटकाशी आले, माझ्या पत्नीनं त्यांना कुंकू लावलं, फिर्यादीच्या बहिणीनं पोळी चारली. बैल कोणाचे ते मला नंतर कळलं, असंही ते म्हणाले. आता उजवीकडचे लोक खूश झाले. साहेबांनी विचारलं, खटला दुसरीकडे जावा असं कोणाला वाटतं का?

आमदाराचा वकील म्हणाला, मुळीच नाही. पक्षानं दिलेला वकील उठून म्हणाला, आम्हाला वाटतं, अर्ज तयार आहे.

"अर्जावर फिर्यादीची निशाणी कुठे आहे?" साहेबांनी कागद उलटून पाहिला. "फिर्यादी हजर आहे ना? त्यालाच विचारतो."

भाऊ पुढं आला. हात फडक्यात बांधलेला होता. सेक्रेटरी त्याच्याकडे डोळे लावून बसला होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

भावानं सेक्रेटरीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बैलं माह्या बहिणीनं पुजले. ते पुजणारच. लहानपणापासून तशीच हाये ते. दारात बैल आला का तिले मालक दिसत नाई."

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"ते मी विचारलं नाही. खटला इथं चालावा की नाही?"

"चालू द्या जी इथंच. तुमचं मले मालूम नाई. पण चांद्याले माह्या बाया येत नाई."

साहेबांनी ते लिहून घेतलं, तसंच्या तसं. वकिलानं आपले कागद गोळा केले. पुढच्या तारखेपासून तो आला नाही. बाजाराच्या दिवशीची सभा झाली, पण विषय बदलून रस्त्याच्या दुरुस्तीवर झाली.

मग उरला सरकारी वकील. सरकार आमदाराच्या पक्षाचं होतं. सरकारी वकील इतका हळू बोलायचा की एकदा आमदाराच्याच वकिलाला 'जरा मोठ्यानं बोला' म्हणावं लागलं. पोलिसांनी काठी कधी जप्तच केली नव्हती. विचारलं तर म्हणाले, मागितली होती, सापडली नाही.

साक्षी झाल्या. आमदाराच्या एका माणसानं सांगितलं की आमदार त्या वेळी दुसऱ्याच गावी होते. दुसऱ्यानं सांगितलं की तिथंच होते, पण हातात काही नव्हतं. तिसऱ्यानं सांगितलं की हातात काठी होती, पण ती घोड्याला आवरायला उगारली. तिघंही शपथेवर. आमच्या बाजूनं सेक्रेटरीच्या पक्षाचे दोघं होते. एकानं काठी बांबूची पाहिली, दुसऱ्यानं चांदीच्या मुठीची. ते दोघं त्या दिवशी त्या वाटेवर होते का, याचीच मला शंका आहे. कोणत्या पक्षाचा ते आधी कळलं की तो काय पाहणार हेही कळत होतं. ऐकायची गरज नव्हती.

राहिल्या टांग्यातल्या बाया. भीतीनं बहुतेकींनी 'आम्ही पडलो' एवढंच सांगितलं. त्यातली म्हातारी बाई कोणाच्या सभेला जाणारी नव्हती. तिच्या वस्तीनं आदल्या दसऱ्याला बौद्ध धर्म घेतला होता. शिरस्तेदारानं तिला देवाची शपथ घ्यायला सांगितली.

"देवाची नाई घेत बावा. देव सोडले आम्ही. खरं सांगतो, असंच लिहा."

दोन्हीकडचे लोक हसले. त्या खटल्यात दोन्ही पक्ष एकत्र हसले ते तेव्हाच. साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. प्रतिज्ञेवर घ्या."

आमचा सगळा भरवसा तिच्यावर होता. सेक्रेटरीनं मागे तिला सांगून ठेवलं होतं, मान वळवून पाहिलं म्हण. तिनं तेव्हाही हो म्हटलं नव्हतं.

"टांगा अडवला तो याच माणसानं," तिनं आमदाराकडे बोट केलं. "आवाज त्याचाच. मंग काठीचा आवाज आला. टांगेवाला 'मेलो' म्हणला. मंग आम्ही पडलो."

"काठी कोणी मारली ते पाहिलं?" सरकारी वकिलानं विचारलं.

"मी मांगच्या शीटवर होती. मांगं तोंड राहते. मांगं रस्ता दिसते."

"मान वळवून पाहिलं असेल."

"टांग्यात मान वळवाले जागा राहते का? कधी बसला नाई वाटते तू."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. भावाचा टांगा कोर्टाच्या आवारात आणायला सांगितला. एकानं घोडा धरला. साहेब स्वतः मागच्या सीटवर चढून बसले, मागे तोंड करून, आणि मान वळवली. टपाच्या कापडापुढं काही दिसत नव्हतं. दुसऱ्या बाजूनं वळवली. दोन्ही वकील बाजूला उभे होते. आमदारही पाहत होता. साहेब उतरले, हात झटकले आणि आत जाऊन बसले. निकाल काय लागणार ते मला तेव्हाच कळलं.

निकाल हिवाळ्यात लागला. साहेबांनी वाचला तो बराच लांब होता. आरोपी दुसऱ्या गावी होता हे खोटं. टांगा त्यानंच अडवला हे खरं. हात मोडला हे खरं. पण डॉक्टर म्हणतो, काठीनंही मोडेल आणि पडूनही मोडेल. काठी पोलिसांनी आणली नाही, आणि त्याबद्दल साहेबांनी पोलिसांना चार शब्द लिहिले. पक्षाच्या साक्षीदारांवर, इकडच्या आणि तिकडच्या, विश्वास ठेवता येत नाही. विश्वास ठेवावा अशी एकच बाई आहे आणि तिनं मारताना पाहिलं नाही. एकट्या फिर्यादीच्या सांगण्यावर, दुसऱ्या कशाचा आधार नसताना, शिक्षा देता येत नाही. टांगेवाला प्यालेला होता, यालाही पुरावा नाही. आरोपी निर्दोष.

बाहेर हार तयारच होते. ते आधी विकत घेतलेले असणार, कारण फुलं सुकलेली होती.

निर्दोष सुटलेल्या माणसावर अपील करायचं तर सरकारनं करायचं असतं, असं सरकारी वकिलानं भावाला सांगितलं. हे मात्र तो मोठ्यानं बोलला. सरकारनं अपील केलं नाही.

सेक्रेटरी म्हणत फिरला, बैल पुजले तेव्हाच मी सांगितलं होतं. आमदाराची माणसं म्हणत, साहेब आपला आहे. साहेब त्यांचा नव्हता. तसा असता तर काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि आपला असता तर काय लिहिलं असतं तेही. मला राग आला होता, अजून थोडा आहे. त्या म्हातारीचा नाही, साहेबांचा. इतकं पाहिलंस, टांग्यात चढून पाहिलंस, मग माझ्या भावाच्या तोंडाकडे नाही का पाहिलं? पण तोंडाकडे पाहून निकाल द्यायचा म्हटलं तर आमदारालाही तोंड होतं.

साहेबांनी निरोप पाठवला, आता स्वयंपाकाला यायला हरकत नाही. मी गेले. त्यांना मनात काय वाटलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. राग होता म्हणून भाकरी करपू दिली नाही. त्यांनी त्या दिवशी जास्त खाल्ली, मधले महिने भातावर काढले होते.

भाऊ निकाल ऐकून घरी गेला. आठवड्यानं मी आंजीला त्याच्याकडे गेले तेव्हा अंगणात टांग्याचं चाक काढून बसला होता. डाव्या हातानं आसाला वंगण लावत होता.

"मारलं नाई असं म्हणला का तो?" त्यानं विचारलं.

"नाई. मारलं ते सिद्ध नाई झालं म्हणला."

"अन् मी पेलेला होतो, ते?"

"तेबी सिद्ध नाई झालं."

"म्हणजे त्याले काईच नाई दिसलं."

"ज्यायले दिसलं त्यायच्यात कोणी खरं बोलणारं नव्हतं. अन् खरं बोलणारीले दिसलं नाई."

"मले तं दिसलं ना," तो म्हणाला. "माह्याच हातावर पडली."

वहिनीनं चहा आणला. चाक बसवायला मी एका बाजूनं धरलं. मग मी विचारलं, कारण मला ते विचारायचंच होतं.

"पुन्हा कोर्टात इचारलं, खटला इथं ठेवाचा का चांद्याले पाठवाचा, तं का म्हणशीन?"

"तेच म्हणीन. इथंच राहू द्या."

"हरला तरी?"

"चांद्याले गेलो असतो तं तिथंबी हरलोच असतो," तो खिळा ठोकत म्हणाला. "वरून जन्मभर वाटलं असतं, वर्ध्यात राह्यलो असतो तं जितलो असतो. आता तसं तं वाटत नाई."